कूलंटच्या पिंपावरची पाटी

टर्नर, म्हणजे लेथवर धातू कापणाऱ्या कारागिराच्या, ट्रेडच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा: कटिंग फ्लुइडचे, म्हणजे धातू कापताना वर सोडायच्या कूलंटचे, उपयोग लिहा. उत्तर चार मुद्द्यांचं. टूल आणि जॉब (कापायचा धातूचा तुकडा) थंड ठेवणं, घर्षण कमी करणं, चिप्स वाहून नेणं, गंज रोखणं. चार मुद्दे, चार गुण. हे उत्तर मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवलं, घोकून घेतलं, त्याचे पेपर तपासले. चष्मा घाला, बूट घाला, बाह्या दुमडा, जॉब पकडणाऱ्या चकची चावी चकमध्येच विसरू नका, हे सगळं कंठशोष करून सांगितलं. पण ते दुधासारखं पांढरं पाणी रोज आठ-आठ, बारा-बारा तास हातावरून वाहतं, धुकं होऊन नाकात जातं, तेव्हा माणसाच्या अंगात काय होतं, हा पाचवा मुद्दा मी कधी शिकवला नाही. पुस्तकात नव्हता, आणि मीही शोधला नाही.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत एक जुना विद्यार्थी भेटायला घरी आला. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात, एका मशीन शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांवर धातू कापणाऱ्या कारखान्यात, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) आहे. प्रसाद घ्यायला हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. बोटांच्या बेचक्यात कातडी सोलवटलेली, मनगटापर्यंत लालसर खवले, नखांच्या कडेला भेगा.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली की सर."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"मेडिकलमधनं मलम आणतोय. लावलं की बरं वाटतंय, सोडलं की परत. आता सुट्टीत बघा, सुकत आलंय. कामावर गेलं की चालू."

"मालकाला सांगितलंस?"

"काय सांगायचं सर? सगळ्यांचंच हाय."

त्याचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. एका माणसाला झालं तर तो आजार, आणि पंधरा जणांना झालं तर ती कामाची रीत, असा हिशेब आपण कधी मान्य केला? आणि त्याचा हात सुट्टीत सुकतो व कामावर फुटतो, ही गोष्ट त्याला ठाऊक होती, त्याच्या सोबत्यांना ठाऊक होती. त्या हातावर रोज काय पडतं हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते एवढ्याच एका गोष्टीबद्दल आहे. कूलंटमुळे होणाऱ्या त्रासाचा मोठा भाग स्वस्तात टाळता येतो, आणि त्याची सुरुवात कामगाराला त्याच्या भाषेत, लेखी, यंत्रापाशी सांगण्यापासून होते. आमच्या बेळगावात नेमकं तेच होत नाही.

उद्यमबाग, मच्छे, वाघवडे रस्ता, तिकडे काकती-होनगा. इथे ओतकाम होतं आणि ओतलेल्या मालाचं मशिनिंगही होतं. क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचे भाग, पंप, व्हॉल्व्ह. देशातल्या कितीतरी ट्रक-ट्रॅक्टरच्या पोटात बेळगावचा माल आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. येळ्ळूर, पिरनवाडी, किणये, कंग्राळी, खानापूर तालुक्यातली खेडी, इथली मुलं सकाळी दुचाकीवर डबा लावून निघतात. फौंड्रीतल्या धुळीबद्दल आता थोडंफार बोललं जातं, सिलिकोसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, हा शब्द लोकांनी ऐकलेला असतो. मशीन शॉप मात्र स्वच्छ काम समजलं जातं. भट्टी नाही, धूर नाही, वाळू नाही. "पोरगा सीएनसीवर आहे," असं सांगताना आईबापांच्या आवाजात समाधान असतं, कारण बाप फौंड्रीत राबलेला असतो.

मी शिकलो तेव्हा साध्या लेथवर डब्यात सोल्युबल ऑइल, म्हणजे पाण्यात मिसळणारं तेल, आणि त्यात एक ब्रश असायचा. ब्रश बुडवायचा, जॉबवर फिरवायचा. हात ओले व्हायचे, पण हवेत फारसं काही उडायचं नाही. आता स्पिंडल, म्हणजे यंत्राचा फिरणारा दांडा, मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेतो, कूलंट पंपाच्या जोरावर टूलवर आदळतं आणि त्याचा अतिशय बारीक फवारा होतो. यंत्राला दार आहे म्हणून तो आत राहतो असं वाटतं. सायकल, म्हणजे एक जॉब कापायचा फेरा, संपली की ऑपरेटर त्याच क्षणी दार उघडतो, कारण तासाला किती जॉब हे मोजलं जातं. आतलं धुकं सरळ तोंडावर येतं. उजेडात ते दिसत नाही. संध्याकाळी शॉपमधले दिवे घालवून एक जोरकस टॉर्च यंत्राच्या दाराशी आडवा धरा, त्या झोतात ते तरंगताना दिसेल. हा प्रयोग मी स्वतः एका शॉपमध्ये केला. मालक माझ्या शेजारी उभे होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता हे पाणी असतं काय, ते सांगतो, कारण इथे तपशिलाला महत्त्व आहे. काही कामांना नुसतं तेल वापरतात. बहुतेक ठिकाणी तेल, साबणासारखी द्रव्यं, गंजरोधक आणि जंतुनाशक यांचं मिश्रण पाण्यात कालवतात. साधारण पाच ते दहा टक्के तेल, बाकी पाणी. ते अल्कधर्मी असतं, पीएच नऊच्या आसपास. म्हणजे दिवसभर सौम्य साबणाच्या पाण्यात हात बुडवून ठेवल्यासारखं. कातडीवरचा तेलकट थर निघून जातो, कातडी कोरडी पडते, फुटते. त्यात धातूचा सुईसारखा बारीक कीस असतो, तो ओरखडे काढतो. मग त्या ओरखड्यांतून जंतुनाशकं आत जातात. काही जंतुनाशकं हळूहळू फॉर्मल्डिहाइड हे त्रासदायक रसायन सोडतात, काहींची ॲलर्जी होते. एकदा ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोडा संपर्कही पुरतो. तो मुलगा मग दुसऱ्या शॉपमध्ये गेला तरी सुटत नाही. कार्बाइडच्या टूलमधला कोबाल्ट, स्टीलमधलं निकेल आणि क्रोमियम हेही थोडंथोडं याच पाण्यात उतरतं.

यंत्राच्या कूलंटच्या टाकीतलं पाणी बाष्प होऊन उडतं, तेल मागे राहतं, म्हणून मिश्रण दाट होत जातं. दाट झालं की हात जळतात. मग कुणीतरी बादलीभर नुसतं पाणी ओततो आणि ते पातळ होतं. पातळ झालं की त्यात जिवाणू वाढतात. यंत्राच्या स्लाइडचं तेल गळून वर साय धरते, त्याखाली हवा पोचत नाही, आणि साप्ताहिक सुट्टीनंतर शॉप उघडलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास मशीन शॉपमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला ओळखीचा आहे. वास मारायला कुणीतरी टोपणभर, दोन टोपणं जंतुनाशक अंदाजाने ओततो. वास जातो आणि दुसऱ्या दिवशी चार जणांचे हात लाल होतात. हे सगळं अंदाजपंचे चालतं. मिश्रणाचं प्रमाण मोजणारा, हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर एखाद्या चांगल्या कार्बाइड ड्रिलच्या किमतीत येतो. बऱ्याच शॉपमध्ये तो असतोही. कपाटात कुलपात असतो आणि गिऱ्हाईक कंपनीचा ऑडिटर यायच्या आदल्या दिवशी बाहेर निघतो.

कातडीचं निदान दिसतं तरी. फुप्फुसाचं दिसत नाही. दूषित कूलंटच्या धुक्यामुळे दमा होतो. काही जणांना फुप्फुसाची एक वेगळी सूज येते. कामाची पाळी सुरू झाल्यावर काही तासांनी खोकला, अंग मोडून येणं, ताप, हिवं. रात्रीत उतरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वजन घटतं. आपल्याकडे याला फ्लू म्हणतात, नाहीतर टीबीची शंका घेतात. असंच वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फुप्फुसात वण पडतात आणि ते भरून येत नाहीत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिजच्या इंजिन कारखान्यात २००३-०४ च्या सुमारास असा प्रकार उघडकीला आला. तपासाअंती ८७ कामगारांना कूलंटशी निगडित श्वसनाचा आजार असल्याचं दिसलं. तो कारखाना काही अडाणी गल्लीतला नव्हता, कायदे कडक असलेल्या देशातला होता. तिथे ८७ माणसं सापडली, कारण कुणीतरी शोधलं. आमच्याकडे कुणी शोधत नाही म्हणून इथे ती नाहीत असं म्हणायचं का?

आणि कर्करोगाचं काय? यात घाबरवणं नको, पण झाकणंही नको. १७७५ साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या कातडीवरचा कर्करोग काजळीशी जोडला. पुढे लँकेशायरच्या सूतगिरण्यांत, यंत्राच्या तेलाने मांड्यांवरचे कपडे भिजणाऱ्या कामगारांत तोच रोग आढळला. मग ऑटोमॅटिक लेथवर वाकून काम करणाऱ्यांत. नीट शुद्ध न केलेली खनिज तेलं माणसात कर्करोग करतात हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे पुरेसा पुरावा असलेल्या गटात, नोंदवलेलं आहे. आजची चांगल्या कंपन्यांची तेलं अतिशुद्ध असतात आणि तो धोका पुष्कळ कमी झाला आहे. पण खुल्या बाजारातून "स्वस्तातलं कटिंग ऑइल" म्हणून जे आणलं जातं, ते कुठून येतं, जुनंच गाळून दिलेलं आहे का, याची खात्री कोण देतो? आणि तेलाने भिजलेला बोळा पँटच्या खिशात कोंबायची सवय अजूनही प्रत्येक शॉपमध्ये आहे.

या इतिहासातला एक खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमधल्या एका नट-बोल्ट कारखान्यात स्टोक्स नावाचा टूलसेटर, म्हणजे यंत्रात हत्यारं जुळवून देणारा कारागीर, होता. अनेक वर्षं तेलकट यंत्रांवर ओणवा होऊन काम करता करता त्याला अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग झाला आणि तो गेला. त्याच्या विधवेने दावा लावला. १९६८ साली निकाल लागला. कारखान्याच्या डॉक्टरला या धोक्याची माहिती होती. कामगारांना वाटण्यासाठी सरकारी पत्रकही निघालेलं होतं. पण ते वाटलं गेलं नाही, नियमित तपासणीही सुरू केली गेली नाही. न्यायालयाने कारखान्याला जबाबदार धरलं. तेल वापरलं हा गुन्हा ठरला नाही. ठाऊक असून सांगितलं नाही, हा निष्काळजीपणा ठरला.

बेळगावात पाटी या शब्दाला केवढं वजन आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दुकानावरची पाटी, बसवरची पाटी, गावाच्या वेशीवरची पाटी. १९५६ पासून आमच्या तीन पिढ्या या पाट्यांसाठी रस्त्यावर उतरल्या, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेल्या. तरुणपणी मीही एक नोव्हेंबरच्या फेरीत काळी फीत लावून चाललो आहे, आणि त्याबद्दल मला कधी पश्चात्ताप झाला नाही. सरकारी कागद आपल्याला कळेल अशा भाषेत मिळावेत ही मागणी न्यायाची आहे. पण मग मशीन शॉपच्या कोपऱ्यातल्या निळ्या पिंपावरची पाटी आम्ही कधी का वाचली नाही? ती इंग्रजीत असते. तिच्यावर धोक्याची चिन्हं असतात, बारीक अक्षरांत चार ओळी असतात. त्या पिंपातलं द्रव्य ज्याच्या अंगावर पडतं त्याला त्यातलं अक्षर कळत नाही. येळ्ळूरच्या मराठी मुलाला कळत नाही, बैलहोंगलच्या कन्नड मुलाला कळत नाही, आणि अलीकडे यंत्रांवर दिसू लागलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या मुलांनाही कळत नाही. तिघांचे हात सारखेच फुटतात.

कायद्याने हे फार पूर्वी ओळखलं होतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं १०८ वं कलम सांगत होतं की, कायद्याप्रमाणे कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि तिथल्या बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. राज्याची भाषा असं त्यात म्हटलेलं नव्हतं. कामगारांना समजणारी भाषा म्हटलं होतं. त्याच कायद्यातलं १११-अ हे कलम आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला देत होतं. ४२ वं कलम हात धुण्याची पुरेशी सोय करायला लावत होतं. हे सगळं ऐंशीच्या दशकापासून, काही तर त्याही आधीपासून, कागदावर होतं. भाषिक हक्काच्या इतक्या निवेदनांत, इतक्या वर्षांत, १०८ व्या कलमाचा उल्लेख मी तरी पाहिला नाही.

प्रत्येक कूलंटबरोबर उत्पादक कंपनी एक माहितीपत्रक देते, त्याचे सोळा भाग असतात. सगळे सोळा भाग भाषांतरित करत बसायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके असतात, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात बचावाची साधनं. एवढं काढून अर्ध्या पानात बसवता येतं. माझ्या त्या विद्यार्थ्यासाठी मी एक कागद लिहून दिला, तो इथेही देतो:

"हे पाण्यात मिसळायचं तेल आहे. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी ओतायचं नाही. प्रमाण मोजून ठरवायचं, रंग बघून नाही. पिंपातलं निव्वळ तेल अंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. हात धुवायला रॉकेल, डिझेल, थिनर, भुसा वापरू नका. जेवणाआधी हात धुवाच, लघवीला जाण्याआधीही धुवा. तेलाचा बोळा खिशात ठेवू नका. भिजलेला शर्ट तसाच अंगावर वाळवू नका, आणि घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. हवेच्या पाइपने अंगावरचा कीस उडवू नका. सायकल संपल्यावर दार उघडायला थोडं थांबा. टाकीत थुंकू नका, उरलेला चहा ओतू नका. वास आला किंवा रंग करडा पडला तर सांगा. हात फुटले, कामाच्या पाळीनंतर खोकला-ताप येत असेल आणि सुट्टीत बरं वाटत असेल, तर हा कागद डॉक्टरला दाखवा."

हातमोज्यांचा उल्लेख यात नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो मुद्दाम गाळला आहे. फिरत्या चकजवळ किंवा ड्रिलजवळ हातमोजा अडकला तर बोट जातं, कधी हात जातो. अशा घटना मी पाहिल्या आहेत. टाकी साफ करताना, तेल ओतताना, जॉब पुसताना नायट्राइलचे मोजे हवेतच. पण "मोजे दिले आहेत, पोरंच घालत नाहीत" असं म्हणून जबाबदारी झटकता येत नाही. खरा उपाय कामगाराच्या हातावर नसून टाकीत आणि यंत्राच्या दारात आहे. आठवड्याला प्रमाण आणि पीएच तपासणं, वरची साय स्किमरने काढणं, वेळेवर टाकी उपसून धुणं. जिवाणू मोजायच्या पट्ट्या मिळतात. दर मिलिलिटरला हजाराच्या आत असतील तर ताबा चांगला, दहा लाखांच्या वर गेले तर टाकी रिकामी करायची, असा ब्रिटनमधला दंडक आहे. दार काही सेकंद बंद ठेवणारा टायमर, आणि जमेल तिथे धुकं ओढून घेणारा पंखा.

धुक्याची मर्यादा किती असावी यावरही बोललं पाहिजे. आपल्या त्या जुन्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात खनिज तेलाच्या धुक्यासाठी घनमीटरला ५ मिलिग्रॅम ही मर्यादा होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ साली कूलंटसाठी एकूण ०.५ मिलिग्रॅमची शिफारस केली. दहापट फरक. म्हणजे त्या कायद्यात बसणारी हवासुद्धा फुप्फुसाला मानवेलच असं नव्हतं.

मालकांची बाजू मला परकी नाही. माझे कितीतरी विद्यार्थी आज दोन-चार यंत्रांचे मालक आहेत. कर्ज काढून यंत्र घेतलंय, जॉबवर्कचा दर गिऱ्हाईक ठरवतो, पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात. ते म्हणतात, "सर, हे सगळं करायला मार्जिन कुठाय?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्याच टाकीत आहे. प्रमाण सांभाळलेलं कूलंट जास्त टिकतं, टूल जास्त चालतं, जॉबला गंज येत नाही. हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर ऑडिटरसाठी तक्ता भरला जातो. तो तक्ता रोज खरा भरायचा आणि ऑपरेटरला दिसेल असा लावायचा, याला खर्च येत नाही. उरलेलं अर्धं उत्तर मोठ्या गिऱ्हाईक कंपन्यांकडे आहे. त्यांचा माणूस येतो, मायक्रॉनमध्ये माप तपासतो, पॅकिंगच्या खोक्यावरचं लेबल तपासतो. जॉब धरणारा हात बघायला त्याला पाच मिनिटं लागतील. पुरवठादाराच्या गुणपत्रकात तो एक रकाना घाला, उद्यमबाग सहा महिन्यांत बदलेल. आणि त्या रकान्याची किंमत दरात धरा, नाहीतर तीही कामगाराच्याच अंगावर येईल.

दुसरी एक हरकत मी जास्त वेळा ऐकतो: सांगितलं तर पोरं घाबरतील, काम सोडतील. स्टोक्सच्या कारखान्यातल्या त्या डॉक्टरचा विचारही याच वळणाचा होता. माझा अनुभव उलट आहे. तो कागद शॉपमध्ये लावल्यावर कुणी काम सोडलं नाही. दोघा-तिघांनी रॉकेल सोडलं. एकाने घरी बायकोला सांगितलं की कामाचे कपडे वेगळे भिजव. मुलं घाबरत असतील तर कारण न कळलेल्या आजाराला घाबरतात. लग्नाच्या वयाचा मुलगा कातडीचा रोग लपवत फिरतो, तो भीतीपोटीच ना?

डॉक्टरांनाही माझी हात जोडून विनंती आहे. खाज घेऊन आलेल्या तरुणाला मलम लिहून देण्याआधी दोन प्रश्न विचारा. काम काय करतोस? सुट्टीत कमी होतं का? मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं. त्याने वरवर दबतं आणि कातडी आणखी पातळ होते. रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचादाह हा जुन्या कारखाने कायद्यातल्या अधिसूचित आजारांपैकी एक होता, आणि असा रुग्ण आढळला तर कळवण्याचं कर्तव्य त्याच्या ८९ व्या कलमाने डॉक्टरवरही टाकलेलं होतं. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातल्या यादीत रसायनांमुळे होणारे त्वचारोग आणि कामामुळे जडलेला दमा दोन्ही होते. तोच धागा कर्मचारी राज्य विमा योजनेतही आहे. पण केसपेपरवर "इसब" एवढंच लिहिलं तर कामगाराला त्यातलं काहीच मिळत नाही. हात का फुटला हे कागदावर एकदा तरी लिहिलं गेलं पाहिजे.

या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीची तरतूद पुढे केली जाते. ती चांगलीच आहे. पण हात फुटायला लागतात ते विसाव्या-बाविसाव्या वर्षी, आणि कूलंटची ॲलर्जी वय बघून येत नाही. मशीन शॉपसाठी ही तपासणी कामाला लागतानाच, आणि पुढे दरवर्षी व्हायला हवी. शिवाय विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं असली की तो जुन्या कायद्याने कारखाना व्हायचा, आता वीस लागतात. बारा-पंधरा माणसांची किती शॉप्स आमच्याकडे आहेत हे गल्लीतून एक चक्कर मारली तरी दिसतं. ती आता कारखान्याच्या व्याख्येबाहेर गेली. दहाच्या आतली तर तशीही कुणाच्या हिशेबात नव्हती. राज्य सरकारला वाटलं तर कूलंट वापरणाऱ्या जागांसाठी वेगळे नियम करता येतील. मराठी मतांवर निवडून येणाऱ्यांनी आणि कन्नड मतांवर निवडून येणाऱ्यांनी एकत्र मागावी अशी ही मागणी आहे, कारण यात हरणारं कुणी नाही.

एक गोष्ट घाईघाईने पण सांगितली पाहिजे. वापरलेलं तेलकट पाणी २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. रात्री गटारात सोडलं की ते दिसेनासं होतं एवढंच. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतं, भाताच्या मुळाशी जाऊन बसतं, हे आमच्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मागच्या खंडेनवमीला त्या विद्यार्थ्याच्या शॉपमध्ये गेलो होतो. यंत्रं पुसून लख्ख केलेली, झेंडूच्या माळा, नारळ, कंट्रोल पॅनेलवर हळदकुंकवाची बोटं. पण या वेळी पूजेच्या आदल्या दिवशी मालकांनी टाक्याही उपसल्या होत्या. तळातून काळा, चिकट गाळ निघाला, बादल्यांनी भरून. त्यात कीस, गुटख्याच्या पुड्या, बोळे, एक हरवलेला व्हर्नियर, आणि असा वास की मुलं रुमाल बांधून काम करत होती. धुतलेल्या टाकीत नवं मिश्रण मोजून भरलं. रिफ्रॅक्टोमीटर कपाटातून काढून खिळ्याला अडकवला, ऑपरेटरच्या हाताला येईल असा. भिंतीवर तो कागद मराठीत, शेजारी कन्नडमध्ये, खाली हिंदीत. कन्नड मजकूर शॉपमधल्याच एका मुलाने लिहून दिला होता.

माझ्या विद्यार्थ्याने प्रसाद घ्यायला हात पुढे केला. मनगट कोरडं होतं. बेचक्यातली कातडी अजून पूर्ण भरलेली नव्हती.